मन्नारगुडीच्या तंबूतली मेनका

तंजावरच्या फलाटावर उतरताना तुमचा हात सवयीने खिशाकडे जाईल. तिथे काही नाही. मोबाइल आपल्या काळात राहिला, आणि त्याच्यासोबत राहिला आल्फ्रेड हिचकॉकचा ‘द थर्टी नाइन स्टेप्स’, जो तुम्ही हवा तेव्हा लावत होता आणि हवा तिथे थांबवत होता. हा ऑगस्ट १९३५ आहे. तो चित्रपट लंडनमध्ये दोनच महिन्यांपूर्वी, जूनमध्ये लागला. खुनाचा आळ आलेला एक निरपराध माणूस स्कॉटलंडच्या माळरानावर पोलिसांपासून आणि हेरांपासून पळतो आहे, आणि इंग्लंडचे प्रेक्षक श्वास रोखून त्याच्या मागे पळत आहेत.

तुम्ही इथे आला आहात ‘मेनका’ पाहायला. तीही याच सालची, तीही एका रहस्यकादंबरीवरून घेतलेली, तिच्यातही आळ आहे आणि निरपराध जीव आहे. पण आपल्या काळात ‘मेनका’ कुठेच पाहायला मिळत नाही. ‘थर्टी नाइन स्टेप्स’ तुमच्यापर्यंत येऊन पोचला. ‘मेनका’कडे तुम्हालाच जावं लागतं.

स्टेशनाबाहेर झटका, म्हणजे घोडागाडी, उभी आहे. पश्चिम राजवीथी म्हणा. चार राजवीथी जुन्या शहराच्या चारही अंगांना आहेत, आणि त्यांतल्या कित्येक घरांत तुम्हाला मराठी ऐकू येईल. व्यंकोजी राजांनी १६७६ मध्ये इथे गादी स्थापली, १८५५ मध्ये ती संपली, आणि घरं मात्र राहिली. इथल्या शहाजी राजांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस मराठीत नाटकं लिहिली. सांगलीला विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगवलं ते १८४३ मध्ये, म्हणजे त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी. पुढे तमिळ व्यावसायिक रंगभूमी उभी राहिली तेव्हा तिच्या पहिल्या कर्त्या माणसांतही तंजावरचे गोविंदस्वामी राव होते. आज रात्री जे पाहायचं आहे त्याची मुळं या गल्ल्यांमधून गेलेली आहेत, म्हणून आधी इथे या.

घराच्या ओट्यावर, इथल्या बोलीत तिण्णैवर, लाल आलवण नेसलेल्या एक वृद्ध बाई तांदूळ निवडत बसल्या आहेत. घरातले सगळे त्यांना अक्का म्हणतात, तुम्हीही म्हणा. त्या मान वर करून विचारतील, ‘‘कोठून आलां?’’ तुम्ही पुणं म्हणाल. त्यांना ते गाव कथेतलं वाटेल, कारण या घरातल्या कोणीच ते पाहिलेलं नाही. त्यांचं मराठी तुम्हाला कळेल, पण हेल तमिळ आहे आणि शब्द आपल्या पणजीच्या तोंडचे. दोन वाक्यं झाली की तुम्ही आपोआप सावकाश बोलू लागाल.

‘‘अक्का, तुम्ही नाही येत मन्नारगुडीला?’’

‘‘मी कोठे येते!’’ त्या म्हणतात. केशवपन झालेल्या बाईने तंबूत जाऊन बोलपट पाहायचा, हे या रस्त्याला अजून झेपणारं नाही. ‘‘पुस्तक ऐकलंय मी. पुतण्याने वाचून दाखवलं. तुम्ही पाहून या आणि सांगा.’’

पुतण्या आणि त्याची बायको तुमच्यासोबत निघतात. जेवून निघा. भातावर पिटलं आहे, सोबत डांगर पच्चडी आहे, आणि शेवटी पितळी टंबलरमधून कॉफी.

मोटार दुपारी सुटते. खिडकीशी बसा, कारण या वर्षी हा प्रदेश पाहण्यासारखा आहे. मेट्टूरचं धरण गेल्या ऑगस्टमध्ये सुरू झालं. जलाशयाला मद्रासचे तेव्हाचे गव्हर्नर जॉर्ज स्टॅन्ली यांचं नाव दिलं आहे. कल्लणै, चोळ राजा करिकालाच्या नावाने ओळखला जाणारा प्राचीन बंधारा, अजूनही कावेरीचं पाणी वाटून देतो, आणि आता त्याच्यापासून एक नवा कालवा तंजावर ओलांडून दक्षिणेला गेला आहे. लोक त्याला पुदु आरु म्हणतात, नवी नदी. ज्या जमिनींनी पावसाशिवाय पाणी पाहिलं नव्हतं तिथे आता कालव्याचं पाणी शिरतं आहे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कुरुवै हंगामाचं भात उभं आहे, बांधांवर नारळ, मध्ये पाटांचं जाळं, आणि प्रत्येक पाटाला कोणीतरी खोरं घेऊन वाकलेलं. हा आडि महिना आहे. अठराव्या दिवशी, आडिपेरुक्कूला, बाया नदीकाठी चित्रान्न घेऊन जातात आणि कावेरीला गर्भार लेक समजून काळे मणी आणि ताडपत्राची कर्णफुलं वाहतात. तो सण नुकताच होऊन गेला आहे. घाटांच्या पायऱ्यांवर हळदीचे डाग अजून दिसतात.

पण या हिरव्या शेतांत वाकलेल्या माणसांपैकी बहुतेकांच्या नावावर एक बिघाही नाही. जमीन ब्राह्मण आणि वेळ्ळाळ मिरासदारांची, मठांची, देवळांची. राबणारे पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराला बांधलेले, आणि त्यांची वस्ती गावाबाहेर, चेरीत. तंजावरचा डेल्टा मद्रास इलाख्याचं भाताचं कोठार आहे, आणि माणसामाणसांतल्या भिंती इथे फार जाड आहेत. हे लक्षात ठेवा. तंबूत शिरल्यावर उपयोगी पडेल.

पंधराएक मैलांवर वडुवूर लागतं. इथे मोटार थोडी थांबते, तुम्ही उतरा. एका बाजूला मोठं तळं, पाणपक्ष्यांनी गजबजलेलं. आपल्या काळात ते पक्षी अभयारण्य आहे. समोर कोदंडरामाचं देऊळ. त्यातली रामाची मूर्ती इतकी प्रसन्न हसते की ती पाहायला लांबून लोक येतात. सांगतात की तलैज्ञायिरूला जमिनीत दडवलेल्या या मूर्ती तंजावरच्या सरफोजी राजांना स्वप्नात दिसल्या. राजे त्या काढून तंजावरला नेत होते, वाटेत वडुवूरकरांनी अडवलं आणि राम इथेच राहिला. पुतण्याची बायको ही गोष्ट सांगताना ‘आमचे राजे’ म्हणते.

पण आज तुम्ही वडुवूरच्या दुसऱ्या एका नावासाठी उतरला आहात. वडुवूर के. दुरैस्वामी अय्यंगार याच गावचे, जन्म १८८०. शिकले, सरकारी नोकरीत चढले, आणि मग लेखणीवर जगायचं ठरवून ती सोडली. आता ते मद्रासला राहतात. त्यांच्या कादंबऱ्या तमिळ घरांत हातोहात फिरतात: ‘मेनका’, ‘कुंभकोणम वकील’ आणि आणखी कितीतरी. दिगंबर सामियार नावाचा त्यांचा एक गुप्तपोलिसासारखा संन्यासी आहे. कुंभकोणम, मन्नारगुडी, तिरुवारूर या आपल्या पायाखालच्या गावांतली दुष्टाई तो उकरून काढतो. त्याच्यावरचा चित्रपट १९५० मध्ये सेलमच्या मॉडर्न थिएटर्सने काढला आणि एम. एन. नंबियारांनी त्यात एकामागून एक वेषांतरं केली. ते अजून पंधरा वर्षं लांब आहे, इथे कोणाला सांगू नका.

अय्यंगारांच्या हातात विलायती साचा होता. एकोणिसाव्या शतकातल्या लंडनचा लोकप्रिय कादंबरीकार जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स त्यांनी पचवला होता. मराठी वाचकाला यात परकं काही नाही. हरिभाऊ आपट्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ १८८५ मध्ये रेनॉल्ड्सचाच हात धरून आली. एकच लंडनकर, एका बाजूला पुण्यात उतरला आणि दुसऱ्या बाजूला कावेरीच्या मुखाशी. हरिभाऊ त्याला सोडून पुढे ‘पण लक्षांत कोण घेतो!’पर्यंत गेले. अय्यंगारांनी त्याची उत्कंठा सोडली नाही, पण ती ब्राह्मण घराच्या माजघरात आणून बसवली. मला यात त्यांची खरी प्रतिभा दिसते. भीती कुठे ठेवायची, हे त्यांना कळलं होतं.

दुसरी मोटार धरा आणि मन्नारगुडीला उतरा. राजगोपालस्वामीच्या देवळाजवळ हरिद्रानदी नावाचं तळं आहे. नाव नदीचं घेणारं हे तळं खरोखर नदीएवढं वाटतं. संध्याकाळी त्याच्या काठाने एक बैलगाडी फिरते आहे. तिच्या दोन्ही बाजूंना रंगीत फलक टेकवलेले, आत एक माणूस ढोल बडवतो आहे आणि दुसरा गुलाबी कागदाच्या नोटिसा उधळतो आहे. पोरं नोटिसांसाठी चाकाखाली जायचीच बाकी आहेत. एक तुम्हीही उचला. ‘मेनका’, संपूर्ण तमिळ बोलपट. आजवरचे तमिळ बोलपट देवादिकांचे आणि पुराणांचे, आणि हा मात्र आपल्यासारख्या माणसांचा. साडी नेसलेली सून, कोट घातलेला वकील, आगगाडी, पत्रं, घर. तमिळमधला पहिला सामाजिक बोलपट म्हणून पुढे याचंच नाव घेतलं जाईल.

गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत तंबू आहे. टेन्ट कोट्टगै म्हणतात. या फिरत्या सिनेमाचा जन्म इथून जवळच तिरुचिरापल्लीला झाला: १९०५ मध्ये ड्यू पाँ नावाचा फ्रेंच माणूस तिथे आजारी पडला आणि त्याचं यंत्र नि फिल्मा साउथ इंडियन रेल्वेतल्या सामिकण्णू व्हिन्सेंट नावाच्या तरुण कर्मचाऱ्याने विकत घेतल्या. व्हिन्सेंटने ते यंत्र गावोगाव नेलं. तीस वर्षांत त्या यंत्राला आवाज फुटला. तंबूमागे तेलाचं इंजिन धडधडतं आहे. तळकोकणातल्या जत्रेत दशावतार पाहिला असेल, तर ही गर्दी तुम्हाला घरची वाटेल.

भोंग्यावर ग्रामोफोनची तबकडी लागली म्हणजे तिकीटविक्री सुरू झाली, असा संकेत आहे. आत शिरा. पुढे वाळू, तिथे जमिनीवरचं तिकीट. मागे बाकं, त्यामागे थोड्या खुर्च्या. मध्ये उभा तट्ट्या, एका बाजूला बायका आणि दुसऱ्या बाजूला पुरुष. तुम्ही तट्ट्याला लागून वाळूवर बसा. वाळू उपसून उंचवटा करायचा आणि त्यावर टेकायचं, ही युक्ती शेजारचा मुलगा दाखवेल.

आता वाटेत पाहिलेल्या भिंती आठवा. अनेक वर्षांनी तमिळ अभ्यासक का. शिवतंबी लिहिणार आहेत की तमिळ माणसं एका छपराखाली एकत्र बसली ती पहिल्यांदा सिनेमागृहात, आणि तिथली जागा जातीवर ठरत नव्हती, खिशातल्या पैशावर ठरत होती. पैसाही भिंतच आहे, हे मान्य. पण ज्या गावात काही रस्त्यांवरून चालायलाही कित्येकांना बंदी आहे, त्या गावात अंधार झाल्यावर एकाच पडद्याकडे सगळ्यांची तोंडं वळतात, याचं मोल कमी समजू नका.

दिवे जातात. आता माझं एक ऐका. तुम्ही इतक्या लांबून पडदा पाहायला आलात हे खरं, पण थोडा वेळ त्याच्याकडे पाठ करून बसा. प्रकाशाचा झोत तुमच्या डोक्यावरून पुढे जातो आणि पडद्यावरून उसळून बायकांच्या बाजूला पसरतो. त्या चेहऱ्यांवर गोष्ट वाचता येते.

मेनका तंजावरच्या डेप्युटी कलेक्टरची मुलगी. नवरा वराहस्वामी, मद्रासला वकील. नवरा तसा वाईट नाही, दुबळा आहे, आणि घर चालतं त्याच्या बहिणींच्या हुकमावर. पेरुंदेवी हे नाव ऐकलं की तट्ट्यापलीकडे एक कुजबूज उठते. सामय्यर नावाचा घरचा सलगीचा माणूस त्यांना सामील आहे. मेनकेला पैशासाठी एका धनाढ्य माणसाला विकायचं, तिच्या मागे खोटी पत्रं पेरायची, आणि नवऱ्याला पटवायचं की बायको दुसऱ्यासोबत पळाली. नवऱ्याला ते पटतं. त्याला ते चटकन पटतं, यावर या गोष्टीची सगळी भयानकता उभी आहे. पलीकडे बसलेल्या बायकांना त्याचं आश्चर्य वाटत नाही. त्यांच्या चेहऱ्यांवर ओळख आहे.

एक रीळ संपलं. यंत्र एकच आहे, दुसरं रीळ चढवेपर्यंत दिवे लागतात. सोड्याच्या बाटल्या, मुरुक्कू, सुंडलचे द्रोण फिरतात. पुतण्या तुम्हाला सांगेल की हे नाटक त्याने आधी पाहिलं आहे. टी. के. एस. बंधू, म्हणजे टी. के. शंकरन, मुत्तुस्वामी, षण्मुगम आणि भगवती हे चार भाऊ, आपल्या बालनाटक मंडळीत ‘मेनका’ करत आले. एम. कंदस्वामी मुदलियार यांनी कादंबरीचं नाटक केलं. मुलांच्या या मंडळ्यांत बायकांच्या भूमिका मुलगेच करतात, आणि पडद्यावरची पेरुंदेवीसुद्धा टी. के. मुत्तुस्वामीच आहेत. मेनका मात्र स्त्रीच आहे, एम. एस. विजयाळ. वळण इथे, याच वर्षी आहे. तिकडे पुण्यात प्रभातच्या ‘धर्मात्मा’त बालगंधर्व एकनाथांच्या, म्हणजे पुरुषाच्या, भूमिकेत उभे आहेत. साडी नेसलेला नट हळूहळू पडद्यावरून बाजूला सरकतो आहे, एकाच वेळी मुठेकाठी आणि कावेरीकाठी.

आणि तुम्हाला मुंबईची आठवण येणारच असेल, तर ती आताच येऊ द्या. पडद्यावरचं हे घर मुंबईत उभं केलेलं आहे, दादरच्या रणजित स्टुडिओत. दिग्दर्शक पी. के. राजा सँडो मूळचे पुदुक्कोट्टैचे तालीमबाज, मुंबईला गेले आणि एस. एन. पाटणकरांच्या मूकपटांत कामं करून पुढे आले. पहिला तमिळ बोलपट ‘काळिदास’ हाही १९३१ मध्ये मुंबईतच झाला होता, आणि त्याची नायिका टी. पी. राजलक्ष्मी इथली, तिरुवैयारूची. दाक्षिणात्य नट दादरला उतरतात, स्टुडिओत तंजावर बांधतात, आणि ते तंजावर डब्यात घालून परत इथल्या वाळूवर आणतात. हिचकॉकनेही त्याच्या स्कॉटलंडचा बराच भाग लंडनच्या लाइम ग्रोव्ह स्टुडिओत उभा केला. भीतीला खरी जागा लागत नाही. ओळखीची लागते.

दिवे पुन्हा गेले. पडद्यावर सामय्यर येतो आणि तंबू हसू लागतो. कारस्थानी माणूस आहे, तरीही हसतात, कारण तो एन. एस. कृष्णन करतो आहे. हा तरुण पुढे तमिळ चित्रपटाचा सर्वांत लाडका विनोदी नट होणार. आणि तुम्हाला त्यापुढचंही माहीत आहे. नोव्हेंबर १९४४ मध्ये मद्रासला लक्ष्मीकांतन नावाच्या पत्रकाराला भोसकतील. कृष्णन आणि मायवरमचा गायक-नट त्यागराज भागवतर यांच्यावर खुनाच्या कटाचा आरोप येईल, जन्मठेप होईल, आणि दोघं तुरुंगात जातील. प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाईल, आणि १९४७ मध्ये मद्रास हायकोर्ट त्यांना निर्दोष सोडेल. भागवतरांचं वैभव मात्र परत येणार नाही. निरपराध माणसामागे लागलेला खुनाचा आळ ही कल्पना हिचकॉकने ज्या वर्षी पडद्यावर रंगवली, त्याच वर्षी तो आळ ज्याच्यावर खरोखर यायचा आहे तो माणूस तुमच्यासमोर पडद्यावर हसवतो आहे. तुमच्या शेजारचा मुलगा पोट धरून वाळूवर लोळतो आहे. तुम्ही त्याला काय सांगणार? काही सांगू नका.

यापुढे गोष्ट काळोखात शिरते. मेनका विकणाऱ्याच्या घरातून विकत घेणाऱ्याच्या घरात येऊन पडली आहे. तट्ट्यापलीकडे पदर तोंडाशी गेले आहेत. लेकरं झोपली, त्यांना कोणी उठवत नाही. आणि मग जी बाई मेनकेला वाचवते ती त्या विकत घेणाऱ्याचीच बायको, नूरजहान. परक्या घरातली, परक्या धर्मातली, स्वतःच्या नवऱ्याच्या विरोधात उभी राहणारी. अय्यंगारांनी खलनायकाचं घर मुसलमान ठेवलं, यावर तुमचा आक्षेप असेल आणि तो योग्य आहे. पण सुटकेचं दारही त्यांनी त्याच घरात ठेवलं आहे. रक्ताची नणंद विकते आणि सवत होऊ शकली असती ती सोडवते. बायकांच्या बाजूने एक दीर्घ उसासा येतो, आणि तो सगळ्या जातींचा असतो.

इथे तुमच्या मनात लंडनचा चित्रपट जागा होऊ द्या. रिचर्ड हॅनेच्या घरात अनोळखी स्त्रीचा खून होतो. तो ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ गाडीने उत्तरेला पळतो, फोर्थच्या पुलावर गाडीतून उतरतो, माळरान तुडवतो. पुढे पॅमेलासोबत एकाच बेडीत अडकतो, आणि शेवटी रंगमंचावर मिस्टर मेमरीला तो एकच प्रश्न विचारतो. त्याच्या भीतीला आकाश आहे. तो पळू शकतो, कारण तो पुरुष आहे आणि रस्ता त्याचा आहे. मेनकेला कुठे पळायचं? बाहेर पडली की आळ खरा ठरतो. तिची भीती चार भिंतींत, माजघरात, देवघराशेजारी वाढते. हिचकॉकच्या नायकावर खुनाचा आळ आहे आणि तो पुरावा देऊन सुटतो. मेनकेवरचा आळ चारित्र्याचा आहे, आणि त्याविरुद्ध पुरावा म्हणून काय दाखवायचं असतं? १९३५ सालच्या या दोन चित्रपटांत मला मन्नारगुडीचा अधिक भयंकर वाटतो. ज्यांनी तो पाहिला त्यांना घरी जाऊन त्याच माजघरात झोपायचं होतं.

खेळ मध्यरात्रीनंतर संपतो. माणसं कंदील घेऊन बांधाबांधाने आपापल्या गावांकडे निघतात, बैलगाड्या जुंपल्या जातात. तुम्ही मन्नारगुडीतच पुतण्याच्या सासुरवाडीला झोपा, आणि सकाळच्या मोटारीने तंजावरला परता.

अक्का ओट्यावरच आहेत. ‘‘पाहिलां?’’ तुम्ही सगळं सांगता. गाणी किती होती, पेरुंदेवी कशी बोलली, नूरजहान कुठून आली. त्या ऐकत जातात. मग विचारतात, ‘‘त्या दोघी नणंदा, पेरुंदेवी आणि ती दुसरी, विधवाच दाखवल्या?’’

हो, कादंबरीत त्या तरुण विधवाच आहेत.

‘‘माहीत होतं मला. पुस्तक ऐकलं तेव्हाही मी पुतण्याला म्हटलं, यांना वाईट बाई हवी झाली की केस काढलेलीच सापडते. घरात जिला काही नाही ती काय करील, कोठे जाईल, कोणी विचारलं का? मेनकेला निदान बाप होता.’’

हे तुम्हाला रात्री तंबूत सुचलं नव्हतं. या गोष्टीतला सर्वांत मोठा दोष बोलपट पाहायलाही न गेलेल्या बाईने ओट्यावर बसून पकडला. अय्यंगारांनी सुनेची भीती ओळखली, पण त्याच घरात तिच्या आधीपासून कोंडलेल्या बायकांना त्यांनी खलनायिकांच्या रांगेत उभं केलं. त्या काळाची सोय होती, पण सोयच होती.

अक्कांना आता तुमची गोष्ट हवी आहे, विलायतेची. तुम्ही हॅने, खून, आगगाडी सांगता. आगगाडीच्या शिटीत मिसळलेली किंकाळी सांगता. त्यांना ती आवडते. मग तुम्ही माळरानावरच्या त्या झोपडीशी येता. एक म्हातारा, संशयी, देवभोळा शेतकरी आणि त्याची तरुण बायको मार्गारेट, ग्लासगो शहरातून इथे येऊन पडलेली. हॅने रात्रीपुरता आसरा मागतो. जेवणाआधीच्या प्रार्थनेच्या वेळी नवरा त्या दोघांची नजरानजर पाहतो आणि बाहेर जाऊन खिडकीतून डोकावत राहतो. पोलिस आले तेव्हा ती हॅनेला मागच्या दाराने काढते आणि नवऱ्याचा जाड कोट त्याच्या अंगावर चढवते. त्याच कोटाच्या खिशातल्या प्रार्थनागीतांच्या पुस्तकाने पुढे गोळी अडते आणि हॅने वाचतो.

‘‘आणि कोट कोठे गेला म्हणून नवऱ्याने विचारलं असेल,’’ अक्का म्हणतात.

‘‘विचारलं. मारलंही तिला.’’

‘‘मग?’’

तुम्ही थांबता. चित्रपट तिथून हॅनेच्या मागे जातो. शेरीफच्या कचेरीत, मग सभेच्या व्यासपीठावर, मग बेडीत, मग लंडनच्या पॅलेडियममध्ये. झोपडीकडे तो पुन्हा वळत नाही. तुम्ही तो मोबाइलवर पाहिलात तेव्हा तुम्हीही वळला नाहीत.

अक्का सूप खाली ठेवतात आणि पुतण्याच्या बायकोला हाक मारून पुढे बसवतात. ‘‘हिलाही सांगा,’’ त्या म्हणतात. ‘‘पहिल्यापासून सांगा, पण त्या पळणाऱ्या माणसाचं नको. त्या कोटवालीचं सांगा. ती कोठली, तिला त्या म्हाताऱ्याला कोणी दिली, आईबाप होते का.’’